रेल्वेपुलावर सोबत करणारी मावशी

वणीजवळच्या ज्या गावात मला शाळेवर पहिली नेमणूक मिळाली, ते मी राहत होते तिथून कालव्यापलीकडे होतं. रस्त्याने सहा किलोमीटरचा फेरा, कालव्यावरच्या रेल्वेपुलावरून दहा मिनिटं. सगळे पुलावरूनच जात. मी तहसीलीतल्या कारकुनाची मुलगी, असा पूल कधी ओलांडला नव्हता. पहिल्या सकाळी रुळांखालच्या स्लीपरांच्या फटींतून खालचं वाहतं पाणी दिसलं आणि पाय उचलेना.

मागून कापूस वेचायला निघालेल्या बाया आल्या, हसून पुढे गेल्या. एक मात्र थांबली. पन्नाशीची, कमरेला वेचणीचं फडकं.

"कायले भेता म्याडम? खाली नोका पाहू. माह्या पाठीकडं पाहा."

तिने हात मागे केला. तो धरून मी पलीकडे पोचले. उतरल्यावर तिने बजावलं, "कोळशाची गाडी गेल्याबिगर पुलावर पाय नाही ठेवाचा."

मग रोज तीच सोबत. मी तिला मावशी म्हणू लागले.

त्या साली बोंडअळी आली. दुसऱ्या वेचणीलाच बोंडं आतून किडकी निघाली, लोकांनी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. वेचणी थांबली, बायांचं येणंही थांबलं. सोमवारी मी धास्तावूनच पुलापाशी गेले, तर मावशी उभी. कमरेला फडकं नव्हतं.

"आता काम नाही ना? मग कशाला आलात?"

"तुमाले न्याले. पोरं वाट पाहून राह्यली असन."

तिची स्वतःची रोजी बुडाली होती, तरीही ती आठवडाभर येत राहिली. शनिवारी म्हणाली, "आज तुमी पुढं, मी मागं." मधोमध पोचल्यावर मी वळून पाहिलं. ती पुलावर चढलीच नव्हती. क्षणभर रागच आला. मग रुळांकडे बघत, मनात अंक मोजत मी पलीकडे गेले. तिथून हात हलवला, तेव्हाच ती घराकडे वळली.

पुढच्या आठवड्यात ती मिरच्या तोडायला तेलंगणात गेली. होळीला परतली, तेव्हा मी आग्रहाने तिला वर्गात नेलं.

"मला शाळेत यांनी आणलं," मी मुलांना सांगितलं.

मुलं उभी राहिली, एका सुरात नमस्ते म्हणाली. मावशीने पदर तोंडाला लावला. खुर्चीवर काही बसली नाही. मुलींच्या रांगेत मांडी घालून बसली आणि तासभर पाढे ऐकत राहिली. पुढे खूप वर्षं शिकवलं, पण तो तास माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला.