दगडी राखणदार आणि चौथं स्थळ

चौथं स्थळ मला बघायला येणार म्हणून त्या रविवारी आईनं सकाळपासून घर धुऊन काढलं होतं आणि मी माडीवरच्या खोलीत पत्ते पिसत बसले होते. हे पत्ते रमीचे नव्हेत. पुण्यात एम.एस्सी. करताना हॉस्टेलवरच्या मुलींनी मला एका खेळाचं वेड लावलं. त्यातल्या पत्त्यांवर राक्षस, जादूगार, धनुर्धारी असली पात्रं असतात. प्रत्येकानं आपापला चाळीस पत्त्यांचा गठ्ठा जुळवायचा आणि समोरच्याचे वीस जीव आधी संपवायचे. शिक्षण संपवून घरी आले तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ते गठ्ठे पाहिले आणि माझ्या बायोडेटातल्या छंदांतून ‘कार्ड गेम’ काढून ‘वाचन, रांगोळी’ असं टाईप करून आणलं. "पोरगी पत्ते कुटती म्हनून गावभर व्हईल," म्हणाले. रांगोळी मला आजही धड काढता येत नाही.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे, क्वालिटी कंट्रोलला. कच्च्या मालाच्या पिंपावर काय लिहिलंय ते आम्ही मानत नाही. नमुना काढायचा, तपासायचा, मगच सही करायची. या कामाची मला चटक आहे, ते सांगायला लाज कसली? आणि दुसऱ्या स्थळाच्या वेळी नेमकं तेच काम जायची पाळी आली होती. तो मुलगा माझ्या तोंडावर म्हणाला होता, "करा की नोकरी, मला काय अडचन न्हाई." मी होकार दिला. सुपारी फुटायला चार दिवस असताना निरोप आला की लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडायची, हे तर आम्ही धरूनच चाललो होतो. मी लग्न मोडलं. घरात दोन महिने कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. दुधानं तोंड पोळलं होतं, त्यामुळे तिसऱ्या स्थळाच्या वेळी मी ताकही इतकं फुंकत बसले की ते लोकच कंटाळून निघून गेले. तेव्हा आप्पांनी सांगून टाकलं, "ह्या बारीला संध्याकाळच्या आत हो का न्हाई ते सांगायचं. लई झालं." त्यांचा राग खरा होता आणि दमणूकही खरी होती. मला संध्याकाळच्या आत एकच गोष्ट कळायला हवी होती. समोरचा माणूस हो म्हणतो तेव्हा ते हो खरं असतं का?

पाहुणे अकराला आले. भीमेच्या पलीकडचं, शिरूर तालुक्यातलं घर. मुलगा सणसवाडीत एका कारखान्यात इंजिनिअर, आठवडाभर तिथंच रूम घेऊन राहणारा, वडील लहानपणीच गेलेले, घरात आई आणि तो. मध्यस्थ मामा दोघांना घेऊन आले होते. हे मामा नात्यानं माझ्या आईचे कुणीतरी लांबचे, पण तालुक्यातली निम्मी लग्नं यांनीच जुळवलेली. मी पोह्यांचा ट्रे फिरवला आणि समोर बसले. मुलाच्या आईनं उंची विचारली, शिक्षण विचारलं. सगळं बायोडेटात होतं, तरी मी परत सांगितलं. बाईंचा आवाज मऊ होता, नजर मात्र मऊ नव्हती. मुलगा नाकासमोर चालणारा वाटला. त्यानं पोहे संपवून बशी ट्रेमध्ये नीट ठेवली.

"पोरापोरीला बोलू द्या धा मिन्टं," मामा म्हणाले. "जावा वर. दार उघडं ठेवा."

वर आल्यावर तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि मी पलंगाच्या. मी आधी कामाचंच विचारलं. "माझ्या नोकरीचं काय?"

"करा की नोकरी, मला काय अडचन न्हाई."

शब्दन् शब्द तोच. आता यापुढे काय विचारायचं? काहीही विचारलं तरी तो हो म्हणणार आणि ते हो मला तपासता येणार नाही. एवढ्यात त्याचं लक्ष शेल्फवरच्या गठ्ठ्यांकडे गेलं आणि तो पहिल्यांदाच मोकळं बोलला. "आयला! तुमी ह्यो खेळ खेळता? आमी रूमवर शिफ्ट सुटली की हेच करतो. दोघं पार्टनर बिहारचे हायेत, ते तर जेवन सोडून बसत्यात."

हॉस्टेलमध्ये मी एक शिकले होते. बोलताना माणूस काहीही सोंग आणेल, खेळताना ते टिकत नाही. सगळ्यांत गरीब वाटणारी मुलगी हरायला लागली की पत्ते भिरकवायची, आणि बडबडी मुलगी हरूनही हसायची. मी दोन्ही गठ्ठे पलंगावर ठेवले. "एक डाव खेळू."

"आत्ता? खाली समदे बसल्यात."

"दहा मिनिटं दिलीत ना?"

मी त्याला माझा दुसरा गठ्ठा दिला. तो मीच जुळवलेला, त्यामुळे त्यात काय आहे ते मला तोंडपाठ होतं. स्वतःकडे मी नेहमीचा गठ्ठा ठेवला, ज्यात दगडी राखणदार आहे. इंग्रजीत त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही मुली त्याला दगड्याच म्हणायचो. हातात दाराएवढी ढाल, खांद्यावर शेवाळ, आणि चेहरा दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखा वैतागलेला. दगड्याला मारता फारसं येत नाही, सोसता मात्र येतं. नऊ घाव सोसतो आणि माझी खेळी आली की दोन घाव भरूनही काढतो. तो उभा आहे तोवर समोरच्याला त्याच्या मागच्या कुणालाच हात लावता येत नाही. त्याच्याआड मी दोन धनुर्धारी उभे करते आणि ते प्रत्येक खेळीला समोरच्याचे चार जीव घेतात. डाव फारसा देखणा नाही. मैत्रिणी म्हणायच्या, तू खेळत नाहीस, दार लावून बसतेस. म्हणोत.

या दगड्याला एकच भीती असते. ‘वीज’ नावाचा पत्ता पडला की तो एका फटक्यात फुटतो. मुलाला दिलेल्या चाळीस पत्त्यांत अशा दोन विजा होत्या. मीच घातलेल्या.

तो भराभर आणि चांगला खेळत होता. दुसऱ्याच खेळीला त्यानं लढाऊ रेडा आणला आणि दगड्याला धडका द्यायला सुरुवात केली. "लई चिवट हाय ओ ह्यो," म्हणाला, पण त्रासून नाही. मी त्याच्याकडे बघत होते. जबडा आवळतोय का, पत्ता आपटतोय का? काहीच नाही. पत्ता खाली ठेवला की तो अंगठ्यानं त्याची कड सरळ करायचा. खाली कपबशा वाजल्या. जिन्यात मामा खाकरले.

तिसऱ्या खेळीला त्यानं एक पत्ता ओढला आणि थांबला. मघापासून तो कधी एवढा थांबला नव्हता. त्यानं हातातला कडेचा पत्ता अर्धा बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पत्ता परत आत सारला. मग रेड्यानंच पुन्हा धडक दिली. मला वाटलं हिशेब करत असेल. वीज आली तर दगड्या जाणार, पुढच्या धडकेत धनुर्धारी जाणार आणि मी उघडी पडणार. पत्त्यांचा खेळ होता, पण प्रत्येक धडकेला मी नकळत दगड्यावर हात धरत होते. एकदा तर दगड्याचा एकच घाव उरला. माझी खेळी आली, तीन झाले. मी पुन्हा बाण सोडले.

"अगं, हे काय?" मामा दारात उभे होते. "बोलायला पाठवलं तर पत्ते खेळताय व्हय?"

"दोन मिनिटं, मामा."

ते खाली गेले. त्यांनी काय सांगितलं असेल ते आप्पांच्या खाकरण्यावरून वरपर्यंत कळलं. आम्ही दोघंही एकदम हसलो. खोटं कशाला बोलू, तेवढ्या वेळात तो मला आवडायला लागला होता. इतका चीड आणणारा डाव मी खेळत होते आणि हा माणूस एकदाही आंबट तोंड करत नव्हता. मनात म्हटलं, हा पास होतोय.

पाचव्या खेळीला मी त्याचे शेवटचे चार जीव घेतले. "जिंकलात," तो हसून म्हणाला आणि हातातले पत्ते घाईनं गठ्ठ्यात सारून दिले.

तिथंच मला खटकलं. हरलेला माणूस हात उघडून दाखवतो. हे पान आलं असतं तर, ते पान पडलं असतं तर, असं दहा वेळा म्हणतो. मी गठ्ठा उचलला आणि वरचे पत्ते उलटे केले. वीज. तिच्याखाली दुसरी वीज.

"या कधीपासून हातात होत्या?"

त्यानं गठ्ठ्याकडे हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"सांगा ना."

"एक तिसऱ्या खेळीपासनं. दुसरी नंतर आली."

"मग टाकली का नाही?"

"तुमी त्याला एवढं जपत हुता. म्हटलं, कशाला?" मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आईनं गाडीतच सांगितलं हुतं. तिथं कशालाच न्हाई म्हनू नको. समदं व्हय व्हय म्हन, बाकीचं नंतर बघू."

मला एवढा राग आला की कानशिलं गरम झाली. पिंपावर लेबल एक आणि आत भलतंच. आणि मी तर सहीला निघाले होते! "मग नोकरीचं हो पण त्यातलंच का?"

त्यानं पलंगावरच्या एका पत्त्याची कड अंगठ्यानं सरळ केली. "आईला नको हाय. घरात बाई मानूस पायजे म्हनती. मी अजून तिच्याशी बोललो न्हाई."

"आणि तुम्हाला?"

"मला बरंच वाटंल. खरं सांगतो. पन तिला हे कवा सांगितलं न्हाई."

"एका मुलीला पत्त्यांत हरवायचा धीर होत नाही," मी म्हणाले, "तुम्ही आईला काय सांगणार?"

माझी जीभ अशीच आहे. तो चिडेल असं वाटलं, चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचे कान तेवढे लाल झाले. तो उठला आणि जिना उतरायला लागला. मी पत्ते तसेच टाकून त्याच्या मागे गेले.

खाली मामा पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडत होते. "मग? पसंती समजायची का?"

तो बसला नाही. उभ्यानंच आईकडे वळला. "आई, ह्या नोकरी सोडनार न्हाईत. आन् सोडू बी नये. तुला चालत असंल तर आत्ता सांग. मागनं नको."

माझ्या आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. त्या बाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, मुलाकडेच पाहत होत्या. त्या रागावल्या होत्या असं मला वाटत नाही. परक्याच्या घरात, चार माणसांत, मुलानं बहुधा पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांना लागलं होतं. मला त्यांचीही दया आली.

"मला न्हाई चालनार," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमी येतो." पदर सावरून उठल्या, आणि जाताना माझ्या आईला म्हणाल्या, "पोहे चांगले झाले हुते, ताई."

त्यानं आप्पांना हात जोडले, माझ्या आईला जोडले. माझ्याकडे एकदाच बघितलं. मग गाडी उसाच्या कडेनं वळून डांबरी रस्त्याला लागली.

आप्पा खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं झालं, आधीच कळलं," ते म्हणाले. ते माझ्यावर चिडले नव्हते, उलट वर्षभरात पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलत होते. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, "सुटलीस बाई." मामांनी पेढ्यांचा पुडा परत बांधला आणि बारामतीकडच्या एका स्थळाचं सांगायला लागले. सगळे माझी समजूत काढत होते. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ होता, पण माझं उत्तर काय ते कुणी विचारलं नाही.

मी हो म्हणणार होते.