प्लग उपटणारा सेक्रेटरी

पाण्याची पाळी चोरणाऱ्याला तुम्ही माफ कराल का? ओल्या उसाचा वास आला की मला इंदापूरकडच्या आमच्या गावातलं पाणीवाटपाचं ऑफिस आठवतं. तिथल्या छोट्या कॉम्प्युटरवर मी पाळ्यांची यादी लावली होती. माझ्या चुलतीची पाळी आली की पाणीवाटप संस्थेचा सेक्रेटरी कॉम्प्युटरचा प्लग उपटायचा, "लाइट गेली, यादी उडाली," म्हणायचा आणि पाणी आपल्या उसाला घ्यायचा. यादी पुन्हा सुरू करणं त्याच्याच हातात होतं. मग मी कॉम्प्युटरमध्ये अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवली, की वीज मिळताच यादी आपोआप सुरू व्हावी. चुलतीच्या पुढच्या पाळीला त्यानं प्लग उपटला, मी भरल्या ऑफिसात तो परत लावला. मिनिटभरात पडद्यावर चुलतीचं नाव आलं. "काय वो सेक्रेटरी, आता कुठं गेली तुमची लाइट?" ती म्हणाली. त्याचा पडलेला चेहरा आठवून आजही मला बरं वाटतं. तुमच्या गावातही पाळ्यांची यादी कॉम्प्युटरवर असेल, तर एकदा सगळ्यांदेखत प्लग काढून परत लावा, आणि यादी आपोआप येते का बघा.