खालचं माह्याकडे

सुदामभाऊ मिस्त्री आधी गिऱ्हाइकाचं मनगट धरायचे आणि मगच गाडीबद्दल बोलायचे. ट्रॅक्टर घेऊन आलेला माणूस मोठा बागाइतदार असो की त्याचा सालदार, त्याला ओढत इंजिनापाशी न्यायचे, त्याचं बोट दुखऱ्या जागेवर टेकवायचे आणि विचारायचे, "लागलं का हाताले? हे हालून राह्यलं. आता सांग, काय करू?" बोट लावल्याशिवाय पान्याला हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकाला यंत्रातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, पण आपल्या वस्तूचं काय मोडलंय ते त्याला स्वतःच्या हाताने समजलं पाहिजे, असं ते म्हणत. सेलू-वर्धा रस्त्यावर इतकी चकचकीत गॅरेजं असताना लोक त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढे थांबून राहायचे ते यासाठी.

मीही यालाच भुललो. आधीच सांगून ठेवतो, पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार आहे आणि वाईटही. चांगलं आठवून लिहावं लागेल. वाईट मनातून गेलेलंच नाही.

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. काचेच्या नळ्या धुण्यात आणि पोरांनी फोडलेल्या मोजण्यात माझी नोकरी चालली. माझे बाबा मात्र ड्रायव्हर. हिंगणघाटकडच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या शेटजींची मोठी मोटार ते चालवायचे. शेडमध्ये आणखी एक गाडी असायची. लाल, दोनच सीटांची, कापडी टपाची, शर्यतीच्या घाटाची विलायती गाडी. ती फक्त शेटजींच्या मुलाची. बाबांनी ती रोज सकाळी शेडबाहेर काढायची, धुवायची, पुसायची आणि परत आत लावायची. बावीस वर्षं त्यांनी ती गाडी दहा हात पुढे आणि दहा हात मागे, एवढीच चालवली. पुढे शेटजी गेले, मुलगा परदेशी गेला, फॅक्टरी बंद पडली आणि गाडीवर सरकीची पोती रचली गेली. कित्येक वर्षांनी वारसांनी शेड मोकळी करायला घेतली तेव्हा बाबांना निरोप आला, घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल.

बाबांनी मला विचारलं, "अरुण, आणाची का रे आपण?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आवाजात इतकी अजिजी मी पूर्वी ऐकली नव्हती. त्यांना ती गाडी मिरवायची नव्हती. फॅक्टरीच्या आवारात शेडपासून गेटापर्यंत एक सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी कडुनिंब आहेत. शेटजींचा मुलगा त्या रस्त्याने सुसाट जायचा आणि बाबा हातात ओलं फडकं घेऊन पाहत उभे राहायचे. तेवढाच रस्ता एकदा स्वतः चालवायचा होता. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधावर वर्ष दोन वर्षं टिकेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गाडी त्याआधी चालायला हवी होती. एवढं एकच काम होतं आणि मी ते छाती फुगवून अंगावर घेतलं. मोबाइलवर विलायती लोकांचे गाड्या दुरुस्त करतानाचे व्हिडिओ पाहून मला वाटायला लागलं होतं की अर्धं काम झालंच आहे.

ट्रॉलीवर घालून गाडी सुदामभाऊंच्या दारात आणली तेव्हा ते एका थ्रेशरखाली होते. बाहेर आले, तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बाप्पा! कोन्या पाप्यानं हे हाल केले इचे?" मग टॉर्च घेऊन खाली सरकले. फक्त त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ ते आतच राहिले. बाबा आणि मी उन्हात उभे. बाहेर आल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. मी थट्टेने मनगट पुढे केलं. "सुदामभाऊ, बोट कुठं लावू?"

"लावाले काईच नाई ना," ते म्हणाले. "धडधाकट हाय. नुसती माती हाय." आणि लगेच वाटणी करून टाकली. "हे पाह्य, वरचं तुह्याकडे, खालचं माह्याकडे."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. दोन वर्षं मी एकही रविवार घरी काढला नाही. पहिले चार रविवार त्यांनी मला एकच दार घासायला लावलं. झालं म्हणून दाखवलं की डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचे. "डोयानं नोको पाहू, हातानं पाह्य. अथी अजून खड्डा हाय." काढलेला प्रत्येक नटबोल्ट पोत्यावर काढलेल्या क्रमाने मांडायचे आणि ते पोतं कुणी ओलांडलं तर असं ओरडायचे की शेजारच्या टपरीवरचा चहावाला दचकायचा. दुपारी आम्ही शेडमागे बसून जेवायचो. त्यांची ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझ्या डब्यातली पोळी. मूळचे ते वडनेरचे. भावांनी शेती ठेवली, यांनी पाना धरला. जेवताना एकदा म्हणाले, "जिंदगी ट्रॅक्टरखाली गेली रे माही. तेल, चिखल, तेल, चिखल. अशी एखादी हाती याले पाह्यजे होती." तेव्हा मला त्यांचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन बाबांनाही सांगितलं.

आणि शिकवायचे किती! माझ्यासारख्या अडाण्याला त्यांनी वायरिंग शिकवलं, सीटचं शिवण उसवून परत घालायला शिकवलं. चुकलो की रागवायचे नाहीत. "म्हशीच्या पुढं बसून दूध निंगत नाई बाबू, बाजूनं बस," असलं काहीतरी बोलून मोकळे. मी गाडीखाली वाकलो की मात्र हटकायचे. "तुह्या कपड्याले तेल लागन." माझ्या कपड्यांची एवढी काळजी माझ्या आईनेही कधी केली नव्हती, पण मला शंका आली नाही.

दुसऱ्या दसऱ्याला अवजारांची पूजा झाली, बॉनेटवर झेंडूची माळ चढली आणि इंजिन सुरू झालं. बाबा गाडीला हात लावून उभे होते. घळाघळा रडले. मग विचारलं, "सुदाम, बसू का आता?"

"पुढच्या रविवारी, काकाजी. जरासाक बाकी हाय."

तो रविवार आला तेव्हा कार्ब्युरेटर नाटकं करत होता. पुढच्या वेळी ब्रेक. मग टायर. मग म्हणे पेट्रोलच्या टाकीत कचरा. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. गाडी शेडमध्ये सुरू व्हायची, आवाज खणखणीत, आणि तिथेच बंद व्हायची. दर शनिवारी संध्याकाळी बाबा विचारायचे, "उद्या का रे?" मी सुदामभाऊंना डॉक्टरांचं म्हणणं शब्द न् शब्द सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर जवळजवळ हात जोडले. ते खाली मान घालून म्हणाले, "समजते रे मले. गाडी म्हंजे जिवाचा मामला हाय, घाई नोको करू." मला ते त्यांचं शहाणपण वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबांनीच विषय मिटवला. "अरुण, राहू दे आता. मले रस्त्याची कड दिसत नाई." हे त्यांनी औषधाची बाटली चाचपत सांगितलं, जसं घरातलं दूध संपल्याचं सांगावं तसं. मी उठून न्हाणीघरात गेलो.

निदान तिच्यात बसावं तरी म्हणून मी त्यांना शेडवर घेऊन गेलो. सुदामभाऊ पुतणीच्या लग्नाला वडनेरला गेले होते, किल्ली माझ्याकडे असायची. बाबांना स्टिअरिंगमागे बसवलं, शेजारी मी बसलो. दोन वर्षांत त्या गाडीत एका वेळी दोन माणसं बसण्याची ती पहिलीच वेळ. बाबांनी स्टिअरिंग धरलं, गिअर चाचपले, खूश झाले. उतरायला गेलो तर त्यांचं दार उघडेना. मी बाहेरून ढकललं, ओढलं, काही नाही. बाबांनी मला थांबवलं आणि दाराच्या कडेने हळूहळू बोटं फिरवली. वरून खाली, खालून वर.

"हे मधातून वाकली, अरुण," ते म्हणाले. "वर फट नाई राह्यली, खाली बोट जाते. चौकट तुटली हाय इची."

चौकट म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती. मी बाबांना काखेत हात घालून दारावरून उचलून बाहेर काढलं आणि पहिल्यांदा गाडीखाली गेलो. काळा रंग नुकता मारलेला होता. तो खरवडला. खाली नांगराच्या लोखंडाची जाडजूड पट्टी झाळलेली. तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. आणि तिसरीच्या बाजूने ताजी चीर गेलेली, मी माझं बोट तिच्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी वडनेरहून परतलेल्या सुदामभाऊंनी नाकारलं नाही. "पह्यल्याच दिवशी दिसलतं मले. वाटलं, पट्टी मारली का काम खतम. ट्रॅक्टरले चालते ना जाड लोखंड. हिचं पातळ, ते पट्टीच्या बाजूनं फाटत गेलं. मंग दुसरी मारली. मंग तिसरी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू भंगारात देली असती. नाईतं नागपूरच्या मिस्त्रीकडे नेली असती." त्यांचे डोळे भरले होते. "मले तिले हात लावाचा होता रे."

पट्टी चुकली याचा मला राग नाही. जन्मभर ट्रॅक्टर जोडणाऱ्या माणसाची ती चूक आहे, कुणाचीही झाली असती. पण त्यांना माझ्या बापाचे डोळे किती दिवसांचे आहेत हे माहीत होतं. ते माहीत असताना त्यांनी आम्हाला रविवारमागून रविवार फिरवलं, आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांची भाकर खात होतो. नुसतं मला फसवलं असतं तर मी कधीतरी विसरलो असतो.

आठ दिवसांनी ते घरी आले. दारातच उभे राहिले. बाबांनी चपलांच्या आवाजावरून ओळखलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. सुदामभाऊ म्हणाले, "काकाजी, नवी चौकट करून देतो. पातळ लोखंडाची, जशी पाह्यजे तशी."

बाबा शांतपणे म्हणाले, "मले इचारलं असतं ना सुदाम, तं मी तुटकीच चालवली असती. पह्यल्या गिअरवर, गेटापर्यंत. मोडली असती तं तथीच उतरलो असतो." मग आत हाक मारून चहा सांगितला.

सुदामभाऊंनी चहा कसाबसा संपवला. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोल ना काई, अरुण." आमच्याकडे पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायची रीत आहे. मी जागचा उठलो नाही.

त्यानंतर माझं आणि त्यांचं बोलणं नाही. गाडी त्यांच्याच शेडमध्ये राहिली. बसमधून जाताना त्यांची शेड आली की मी दुसऱ्या खिडकीकडे पाहतो, आणि तरी तिथे वेल्डिंगची ठिणगी उडाली की दिसतेच. लोक सांगतात, ट्रॅक्टरची कामं परत पाठवून ते वर्षभर त्या एका चौकटीच्या मागे होते. गेल्या पोळ्याला चहावाल्याच्या हाती निरोप आला, गाडी आता पक्की झाली आहे, काकाजींना घेऊन या, मी शेजारी बसून स्टिअरिंगला हात लावतो.

मी बाबांना तो निरोप जसाच्या तसा सांगितला. इतक्या महिन्यांत त्यांनी सुदामभाऊंबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आता हे कपडे बदलायला उठतील.

"पक्की झाली म्हणून कोन सांगते?" त्यांनी विचारलं.

"सुदामभाऊच."

बाबांनी मान हलवली. "मंग राहू दे," ते म्हणाले.