शेळी हरवलेला हवालदार

गडचिरोलीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात मी कायदा शिकवतो. शेजारच्या वर्गात एक हवालदार तक्रार कशी घ्यायची ते शिकवतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात, आणि ते मला पचत नाही.

शिकवतो म्हणजे काय, तर बूट काढतो, वर्दीवर दुपट्टा पांघरतो आणि शेळी हरवलेला म्हातारा होऊन दारात उभा राहतो. समोरच्या पोराने खुर्चीतूनच नाव-गाव विचारलं की हा मुका. पुन्हा बाहेर जातो, पुन्हा येतो. परवा एकासाठी सात वेळा आला. आवाज चढवला नाही. शेवटी ते पोरगं उठलं, त्याला बसवलं, पाणी दिलं. तेव्हा कुठे म्हणाला, "आता सांगतो बापू, माही शेळी कुठी गेली थे."

मी टोचून विचारलं, "कलमं काऊन नाई शिकवत?"

"थे तुमचं काम साहेब. मले कुठी जमते?"

मनापासून म्हणाला मेला.

काल मीही दुपट्टा पांघरून माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिलो. सगळी पोरं ताडकन उठली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

पाणी कोणीच विचारलं नाही.