सुखराजी काकीचं विरजण

सुखराजी काकीच्या हातचं दही सुरीने कापावं लागायचं. खोटं नाही सांगत. आमच्या बेटावरच्या लबासा गावाबाहेर, ऊसवाल्यांच्या वस्तीत कुणाकडेही लग्न असो, कढीचं दही तिच्याकडूनच जायचं. सासूने दिलेलं विरजण तिने सेहेचाळीस वर्षं मोडू दिलं नव्हतं. नवरा गेला, मुलगा विनेश बायकोला घेऊन ऑकलंडला गेला, तरी ही बाई रोज संध्याकाळी दूध कोमट करून त्यात चमचाभर विरजण घालायचीच. खायला कोण? मी आणि मांजर.

त्याच दह्याने घात केला. पाच वर्षांपूर्वी विनेश आला होता, तेव्हा दोन वर्षांच्या नातीला, शायलला, काकीने लाडाने दह्याचं बोट चाटवलं. पोरीचा गळा सुजला, ओठ निळे पडले. दवाखान्यात नेली म्हणून वाचली. तिला दूध चालत नाही, सोयाबीनही चालत नाही, हे तेव्हा कळलं. त्यानंतर तीन वर्षं ती माणसं फिरकलीच नाहीत.

मग विनेशचा फोन आला. सुवा शहरात मेव्हण्याचं लग्न आहे, तिथून एक दिवस येऊन जाऊ. मागून सून म्हणाली, "जेवणाचं काही करू नका आई, शायलचा डबा आणतो आम्ही."

काकी तडक माझ्याकडे आली. "बिंदमती, माझ्या घरी येऊन पोर डब्यातलं खाणार?"

"खाऊ दे की! जिवापेक्षा कढी मोठी आहे का?"

"तिने माझ्या हातचं एकदा खायला हवं गं. नाहीतर आजी म्हटलं की तिला ते बोटच आठवणार."



मग सुरू झाले प्रयोग, आणि चाखायला बळीचा बकरा मी. चिंचेची कढी केली, ती गटारासारखी काळी. कैरीची केली, ती नुसती आमटी. "ही सुनेला वाढ, पुन्हा दहा वर्षं येणार नाही," मी म्हटलं. काकी हसली नाही. मलाच माझी लाज वाटली. शेवटी पलीकडच्या घरातली मेरेओनी, या बेटावरची मूळची, नारळातच वाढलेली, म्हणाली, "नारळाचं घट्ट दूध काढ, लिंबू पीळ, दिवसभर झाकून ठेव." तसं केलं. पातळच राहिलं, पण बेसन लावून उकळल्यावर चक्क कढीची चव आली! तेलाच्या बाटलीवर सोयाबीन लिहिलेलं, म्हणून फोडणी खोबरेल तेलाची. पातेलं नवं, डाव नवा.

ती मंडळी आली. काकीने सुनेला पातेलं दाखवलं, डाव दाखवला, तेल दाखवलं. सुनेचा चेहरा सैलावला. "एवढं केलंत आई?" म्हणाली, आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं. शायल ताटावर बसली. कढी वाढून झाली.

काकीने उरलेलं खोबऱ्याचं दही माझ्यापुढे धरलं. "बघ कसं लागलंय आज! सुरीने कापावं असं."

मी पाहिलं. लिंबाचं दही असं कधी लागलं नव्हतं.

"काकी, विरजण लावलंस?"

"मग? विरजणाशिवाय दही..." ती तिथेच थांबली.

पोरीने वाटी ओठांशी नेली होती. काकीने हाताने ती उडवली. कढी सगळ्या चटईभर झाली, शायल घाबरून रडायला लागली.

"दुधाचं दही आहे त्यात, सूनबाई," काकी म्हणाली. "सवयीने हातानेच घातलं. मला कळलंच नाही."

सुनेने पोरीचे ओठ पुसले, तोंड उघडून पाहिलं. पोटात काही गेलं नव्हतं. विनेश म्हणाला, "होतं असं, आई." शायलने ओट्यावर बसून डबा खाल्ला. टॅक्सी ठरल्यापेक्षा लवकर आली.

त्याच दुपारी काकीने विरजण गोठ्यामागे ओतून टाकलं. गाय मला दिली. मी रोज दूध घेऊन जाते, ती घेत नाही.

दर रविवारी मात्र नारळ खवते, लिंबू पिळते, आणि वाटीभर कढी घेऊन माझ्या दारात येते. सोबत दुसऱ्या वाटीत ते खोबऱ्याचं दही.

"लागलंय का गं?"

"नाही काकी. पातळ आहे."

"नीट बघ."

मी वाटी तिरकी करून दाखवते. मग तिला हायसं वाटतं, आणि ती घरी जाऊन एकटी जेवते. फोन येतात. ती मंडळी येऊन दोन वर्षं झाली.