फाटकापर्यंत

वर्गात तिला सगळे ‘ताई’ म्हणायचे. मान म्हणून नव्हे. ती तेरा वर्षांची, बाकीची पोरं दहाची. दुसऱ्या देशातून आली, इथली भाषा येईना, म्हणून शाळेने तिला खालच्या वर्गात बसवलं. वर्षभरात पोरगी फाडफाड बोलायला लागली, तरी वर्ग तोच. गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

तिची आई आमच्या गल्लीतल्या लाँड्रीत इस्त्री करते. वर्ग बदलून मागायला ती मुख्याध्यापकांकडे दोनदा गेली, ताईला दुभाषी म्हणून घेऊन. दोन्ही वेळा हात हलवत परत.

“बोललात काय तिथे?” मी ताईला विचारलं.

“सरांची तब्येत, सरांची मुलं, सरांच्या आईचे डोळे.”

“आणि वर्गाचं?”

“ते आई निघताना काढते, मावशी. तिकडे आमच्यात कामाचं दाराशीच बोलतात. बसल्या बसल्या मागितलं तर वाटतं, बाई त्याच्यासाठीच आली.”

“अगं, मग आलीच होती ना त्याच्यासाठी!”

“हो. पण तसं वाटायला नको. आणि इथे तर आम्ही उठलो की सर पुढच्याला बोलावतात.”

माझं डोकं सणकलं. म्हटलं, मी येते, टेबलावर हात आपटते, बघू कसा देत नाही!

“या,” ताई म्हणाली, “पण गप्प बसाल?”

बसले. ओठ घट्ट मिटून बसले. तब्येत झाली, मुलं झाली, डोळे झाले. सरांनी घड्याळ पाहिलं. आई उठली, तोंड उघडलं, तेवढ्यात सरांचा हात घंटीकडे गेला.

“सर,” ताई म्हणाली, “आम्हाला फाटकापर्यंत सोडायला या ना. आमच्यात पाहुण्यांना खोलीतूनच निरोप देत नाहीत.”

सरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी छताकडे. पण उठले बिचारे!

उंबरा ओलांडला आणि आईला कंठ फुटला. व्हरांड्यात पोरीचं गणित, जिन्यावर तिचे गुडघे, नळापाशी दहा वर्षांच्या पोरांनी ताई म्हणणं. ताई मागोमाग सगळं सांगत होती, स्वतःचीच वकील.

फाटकाशी सर थांबले. “सोमवारी वरच्या वर्गाचा पेपर दे. जमला तर तिथेच बस.”

ताईने आईला ते सांगितलं. आई हसून काहीतरी बोलली आणि शाळेकडे वळली.

“आता कुठे निघाली?” मी ओरडले.

“सर एवढे आले ना,” ताई म्हणाली, “आता त्यांना खोलीपर्यंत सोडायला नको?”