लांब नावं तोडणारे कंपाउंडर

“शेवटून या, साहेब, शेवटून.” लोणावळ्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर असं म्हणत आणि हातातली कात्री दोनदा वाजवत. कागदाच्या पट्टीला डोसाच्या खाचा पाडून ती औषधाच्या बाटलीवर चिकटवायची, हे त्यांचं रोजचं काम. कुणी दुखण्याचं अवघड इंग्रजी नाव आणलं, की तेही ते अशाच पट्टीवर लिहायचे आणि मागून एकेक तुकडा कापत यायचे. “आयटिस म्हणजे सूज. आता सुजलंय काय, ते पुढच्या तुकड्यात.”

शिक्षण मराठी सातवी. बाकीचं रेल्वेच्या दवाखान्यात, एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली नुसतं ऐकून शिकलेलं. मी शेजारच्या वलवण गावचा पहिला बी.ए. त्यांना काही विचारायचं म्हणजे मला कमीपणा वाटे. तुम्हाला वाटला नसता, असं सांगू नका.

वडिलांच्या कंबरेतल्या कळांवर पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लिहून दिलं. चिठ्ठीवरचं नाव वाचताना मी तीनदा अडखळलो. आमच्याकडे बरी होणारी दुखणी म्हणजे ताप, खोकला, खरूज. नावं एवढीशी. वडिलांनी तिथंच ठरवलं.

“बी.ए.ला वाचता येईना, त्यातनं मी काय उठतोय? मी न्हाई जायचा.”

आई त्या दिवशी जेवली नाही. मग मीच वडिलांना घेऊन दवाखाना गाठला.

“नेफ्रोलिथॉटमी,” माझं अडखळत वाचणं ऐकून कंपाउंडर एका दमात म्हणाले. “साहेब, तुम्ही सगळीकडे सारखाच जोर लावता. शेवटून तिसऱ्यावर लावा. थॉ-ट-मी.” कात्री चालली. “टमी, कापणं. लिथो, दगड. नेफ्रो, मूत्रपिंड. आबा, कापून दगड तेवढा काढणार. पिंड जागेवर. तेच काढायचं असतं, तर एक्टमी लिहिलं असतं.”

वडील तुकड्यांकडे बघत राहिले. “म्हंजे मुतखडा व्हय?”

“मुतखडाच.”

“मग तसं लिवायचं की. ह्या आमच्या लेकानं वाचून वाचून पार मयताची तयारी केलती.”

वडील पुण्याला गेले, बरे झाले. परतले ते स्टेशनावरून थेट दवाखान्यात. खिडकीत नवा माणूस होता. जुने कंपाउंडर पंधरा दिवसांपूर्वी तापानं गेले, म्हणाला.

वडिलांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत बोराच्या बीएवढा खडा होता.

“त्यांना दावायला आनलावता,” एवढंच म्हणाले आणि गाठ पुन्हा बांधली. घरी आईनं मागितला, तर तिलाही दाखवला नाही.